सगळ्यांनी पाणी घातलेला वेल

मंगळवारी सकाळी माझी बायको गेली. हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी चहा करत होतो.

इथे परदेशात क्रिमेटोरियमची, म्हणजे दहनगृहाची, तारीख अठरा दिवसांनंतरची मिळाली. मग तेरावा कुठून धरायचा, ती गेल्यापासून की अग्नी दिल्यापासून, हे मला कळेना आणि फोनवरच्या नातेवाइकांचंही एकमत होईना. त्यामुळे स्टॅनमोरच्या आमच्या घरी माणसं येतच राहिली. डबे ठेवायची, बसायची, आणि बोलणं संपलं की उठून कॉन्झर्व्हेटरीतल्या, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीतल्या, वेलाला पाणी घालायची.

तो वेल तिचा. आफ्रिकेतल्या रानातला, काटेरी, शतावरीच्या कुळातला. बी रुजवून तिने तो छतापर्यंत नेला होता. माझा त्याच्याशी संबंध एवढाच, की कपडे वाळत घालताना कधी बाही अडकायची.

पानं पिवळी पडायला लागली. मी लायब्ररीतून दोन पुस्तकं आणली. एकात होतं, पाणी कमी पडलं की पानं पिवळी होतात. दुसऱ्यात, जास्त झालं की. मी कमी पडलं असं धरलं आणि सकाळ-संध्याकाळ मीही घालू लागलो. पानं गळू लागली. तिच्यामागे महिनाभरसुद्धा मला तिचा वेल जगवता येत नव्हता. तिलाच विचारावं असं दोनदा मनात आलं. एकदा तर जिन्यापर्यंत गेलो.

शेजारच्या बाई नैरोबीत वाढलेल्या. खिचडी द्यायला आल्या आणि त्यांनी कुंडीत बोट घालून पाहिलं.

"भाई, यात भात लावलाय का?" त्या हिंदीत म्हणाल्या. "आमच्याकडे हा कुंपणावर असायचा. महिने महिने पाऊस नसला तरी मरायचा नाही. खाली कंदात पाणी साठवतो."

"मग सगळे का घालत होते?"

"नुसतं बसून काय करणार? मीपण घातलं. दोनदा."

आम्ही कुंडी उपडी केली. मुळांना बोटाएवढे कंद होते, बरेचसे लिबलिबीत झालेले. ते मी कापून टाकले. किती मऊ म्हणजे कुजलेला हे मला ठरवता येईना, म्हणून शंका होती तेही काही ठेवले. वरचा सगळा वेल मातीलगत छाटावा लागला. हातमोजे घाला असं बाईंनी सांगितलं होतं, ते मी विसरलो.

आता कोरड्या मातीत नऊ कंद आहेत. वर अजून काही आलेलं नाही.