चरबीच्या डब्यातलं तेल

हमीदभाऊ टिनवाले. चांद्याच्या बाजारात डबे, कंदील, चाळण्या झाळून देणारे. मी आज जो काही आहे, तो सगळ्यांत जास्त त्यांच्यामुळे. आणि त्यांच्याशी मी जे वागलो, ते या महिन्यापर्यंत कोणाजवळ बोललो नव्हतो — बायकोजवळही नाही. तुमच्याजवळ बोलतो आहे.

आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. वडिलांनी मला चांद्याला आणलं, पण राहायचं कुठं? हमीदभाऊंच्या दुकानामागं पडवी होती. आमच्या घरी वारकऱ्यांची तुळशीची माळ, त्यांच्या घरी गोश्त. वडील घुटमळले. हमीदभाऊंनी पडवी शेणानं सारवून घेतली, नवा माठ आणला, पोराची चूल वेगळी मांडून दिली. भाभी माझ्या चुलीकडे कधी फिरकल्याही नाहीत — मी बाटेन म्हणून. “काऊन भाभी, या ना,” असं मला एकदाही म्हणावंसं वाटलं नाही. मला ते माझ्या हक्काचंच वाटलं.

हमीदभाऊ मला चिडवायचे. “काऊन बे म्हाराज, देवाले जेवू घातलं का? का तूच खाऊन राह्यला?” मॅट्रिक झालो तेव्हा बाजारभर पेढे त्यांनी वाटले. नागपूरहून बी.एस्सी. होऊन आलो तेव्हा ते मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर लढाईत फौजेबरोबर होते. आता एका फिरत्या दवाखान्याचं काम बघत. हमीदभाऊ म्हणाले, “साहेब, पोरगं इमानदार आहे. माह्या पडवीत वाढलं.” डॉक्टरांनी मला एकच विचारलं — शिवाशिव, सोवळंओवळं मानतोस का? मी ताठ उभा राहून म्हणालो, “मी असलं काही मानत नाही.”

ते खोटं होतं. सदऱ्याच्या आत माळ होती.

दवाखान्याची जीप लष्कराच्या लिलावातली. पावसाळा संपला तरी भामरागडकडच्या नद्यांना कमरेच्या वर पाणी असायचं, आणि तिकडची माणसं तर डॉक्टरांची वाट बघत. जीप पाण्यातून न्यायचं तयार सामान घ्यायला पैसा कुठला? डॉक्टरांना फौजेतली युक्ती ठाऊक होती. धूर बाहेर टाकणारी नळी पाण्यात बुडायला नको, म्हणून हमीदभाऊंनी पत्र्याची लांब नळी झाळून ती हुडाच्या वरपर्यंत नेली. हवा ओढणाऱ्या तोंडाला रबरी नळी जोडून तेही वर घेतलं. ॲक्सलच्या भोकांवर सायकलची ट्यूब कापून बांधली. जीपच्या तोंडापुढं बांधायला ताडपत्री. पाण्यात शिरण्याआधी पंख्याचा पट्टा काढायचा, नाहीतर पंखा सगळं पाणी इंजिनावर उडवतो. आणि शेवटचं, सगळ्यांत नाजूक काम — ठिणगी वाटणारी डिस्ट्रिब्युटरची डबी आणि तिच्या तारा. त्यांना मेण आणि बकऱ्याची चरबी एकत्र कढवून लिंपायचं. मेण जंगलातलं, पोळ्याचं. चरबी हमीदभाऊंनी मेहुण्याच्या मटणाच्या दुकानातून आणली.

लिंपायचं काम माझ्याकडे आलं.

डब्याचं झाकण उघडलं आणि — काय सांगू? हात पुढं जाईना. वास नाकात बसला. आईचा चेहरा समोर आला. हमीदभाऊंना नुसतं म्हटलं असतं, तर त्यांनी हसत दोन घटकांत लिंपून दिलं असतं. वर एखादा टोमणाही मारला असता. पण मग डॉक्टरांना कळलं असतं की पदवीधर चरबीला शिवत नाही. तेवढीच भीती. दुसरं काही नव्हतं.

मी चरबी परसात पुरली. त्या डब्यात मोहाच्या बियांचं तेल ओतलं — आमच्याकडे टोळीचं तेल म्हणतात ते. थंडीत ते तुपासारखं थिजतं, दिसायला हुबेहूब चरबी. मेणाबरोबर कढवून लिंपलं. चालेल असं मला खरंच वाटलं होतं. पण इंजिन तापलं की ते पातळ होऊन ओघळतं, हे विज्ञान शिकलेल्या माणसाला सुचू नये?

नदीच्या मध्यावर जीप एकदा खोकली आणि बंद पडली. पाणी आत शिरलं. इंजेक्शनांची पेटी डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत वाहून गेली. ते छातीभर गार पाण्यात उभे राहून जीपला खांदा देत होते. पलीकडचे माडिया लोक दोर घेऊन पाण्यात उतरले, त्यांनी आम्हाला ओढून काढलं. काठावर लेकरं घेऊन बसलेल्या बायांना डॉक्टर म्हणाले, “आज औषध नाही.” त्या उठल्या आणि आल्या वाटेनं परत गेल्या.

चांद्याला आल्यावर डॉक्टरांनी डबी उघडून बोट फिरवलं, वास घेतला. हमीदभाऊंना बोलावलं. बाजारातली माणसं मागोमाग आलीच.

“हमीद, चरबीत तेल मिसळलंस?”

“मी काऊन मिसळू साहेब? माह्या डोयासमोर काढलेली चरबी होती.”

“मग तेल काय आभाळातून पडलं?”

हमीदभाऊ माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर थोडं हसूही होतं — आपलं माणूस इथंच उभं आहे, याचं. “म्हाराज, तूच सांग ना. तूच तर लावली.”

मी म्हणालो, “डब्यात होतं तेच मी लावलं.”

शब्द न् शब्द खरा. नाही का?

ते हसू गेलं. त्यांना कळलं, की नाही? मला वाटतं, त्याच क्षणी कळलं. तरी ते माझ्याविरुद्ध एक अक्षर बोलले नाहीत. “चुकलं असंन साहेब,” एवढं म्हणून निघाले. दवाखान्यानं त्यांना काम देणं बंद केलं. बाजारात टवाळ पोरं ओरडायची, “हमीदभाऊ, आज चरबी देता का तेल?” वर्षाच्या आत त्यांनी दुकान आवरलं आणि वरोऱ्याला भावाकडे गेले. निघताना भाभींनी माझा माठ धुऊन, नोकरी लागल्यावर मी घेतलेल्या खोलीच्या दारात ठेवला होता.

माझी नोकरी टिकली. बढतीही मिळाली.

या महिन्यात मी डॉक्टरांना सगळं सांगितलं.  ते म्हणाले, “मला काय सांगतोस? मीही त्याला चार माणसांत बोललो. त्याला कळव.” हमीदभाऊ पत्र दुसऱ्याकडून वाचून घेतात. म्हणजे वरोऱ्याला भावाकडे, चार लोकांसमोर, मोठ्यानं वाचलं जाणार. ते धरूनच लिहिलं, आणि टपालात टाकलं.

“हमीदभाऊंना आणि भाभींना सलाम.

तुम्ही आणलेली चरबी चोख होती. ती मी परसात पुरली आणि डब्यात टोळीचं तेल भरलं, कारण चरबीला हात लावायला मला किळस आली आणि तसं सांगायची लाज वाटली. डॉक्टरांसमोर तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी तुम्हाला खोटं पाडलं. नदीकाठची माणसं औषधावाचून परतली ती माझ्यामुळे, तुमच्यामुळे नाही. डॉक्टरांना हे सांगितलं आहे.

तुमच्या पडवीत मी शिकलो. एकादशीला तुमच्या घरी गोश्त शिजत नसे. ते माझ्यासाठी होतं, हे मला फार उशिरा समजलं. अभ्यासाला कंदील तुमचा, वात तुमची, तेल तुमचं. आईवडिलांनंतर मी तुमचंच नाव घेतो.

तुम्ही माझ्या इमानाची हमी दिली होतीत. ती मी खोटी ठरवली.

गणपत”