गयाक्काची भिंत

गयाक्काला भिंतीला टेकून बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. ती बसायची घराच्या मधोमध, उकिडवी, कधीही उठायच्या तयारीत. पाहुणी मी, पण बसणं पाहुणीचं तिचं. "अगं, टेक की जरा," असं म्हटलं की म्हणायची, "टेकायला भिंत लागती बाई. आमच्यात एकच हाय, ती आधीच धरून ठिवलीया."

खरंच होतं ते. बेंबळीत आमची घरं एकाला एक लागून. तिच्या घरात भांडं पडलं की माझ्या घरात दचकायला होतं. तिच्या घरात एका भिंतीला कपाट, दुसरीला स्वयंपाकाचा ओटा, तिसरीला पाण्याचे पिंप. उरली खिडकीजवळची, वाऱ्याची, गारव्याची. ती आबांची, म्हणजे तिच्या नवऱ्याची. आबा कारकुनीतून निवृत्त झालेले, ताडासारखे उंच. दुपारी जेवले की चमेलीचं तेल थापलेलं डोकं टेकवून जे बसायचे, ते चहालाच डोळे उघडायचे. खिडकीच्या चौकटीशेजारी परातीएवढा काळपट, चकचकीत डाग पडला होता. गयाक्का मात्र मूठभर. बसल्या जागेवरून त्या डागापर्यंत तिचा हातसुद्धा ताणूनच पोचायचा.

आबा गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं पांगली, आणि गयाक्कानं पहिला निरोप धाडला तो गफूर पेंटरला. गफूर रंगापेक्षा बोलणं जास्त मारतो. "फिकर नक्को अक्का. असा हात मारतो की भिंत तुम्हालाच वळखणार नाही!"

फिकट हिरवा रंग मारला. छान दिसला. दोन-चार दिवस. मग एका सकाळी पलीकडून आरोळी आली, "आलं गं! आलं परत टाळकं!" मी चोर शिरला म्हणून लाटणं घेऊन धावले. बघते तर हिरव्या रंगातून पिवळा गोल वर आलेला. अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा.

गफूरनं सोड्यानं घासलं, खरवडलं, पुन्हा दोन हात मारले. डाग पुन्हा वर. "भिंत तेल प्यालीय अक्का, पोटभर," तो म्हणाला. "मग तिला वकायला लाव," अक्का म्हणाली.

गावात बोभाटा झाला. गल्लीतली सुंदराबाई बघायला आली आणि डागापुढं हात जोडून उभी राहिली. "जीव अडकलाय गं त्यांचा."

"जीव न्हाय, तेल अडकलंय," गयाक्का म्हणाली. "आन् हात कशापायी जोडतीस? जित्तेपणी ते दिसले की दार लावून घ्यायचीस तू."

मग पुण्याहून मिलिंद आला, तिचा एकुलता एक लेक. डाग बघून त्याचे डोळे भरून आले. फोटो काढून त्यानं साऱ्या नातेवाइकांना पाठवला आणि म्हणाला, "आई, राहू दे हा. आबा बसलेत असं वाटतं. आपण त्याच्यावर काचेची फ्रेम बसवू."

"भिंतच ने की पुण्याला," अक्का म्हणाली. "रोज उदबत्ती लाव. मला माझी जागा पायजे."

"मग बस ना तिथंच. कुणी नाही म्हटलंय?"

"त्येंच्या तेलात डोकं घालून बसू? उशीचे अभ्रे धुण्यात माझा जन्म गेला, आता भिंतीचा बी अभ्रा व्हय?"

मला हसू आवरेना, मिलिंदला राग आवरेना. जाताना तो गफूरला बजावून गेला, की त्या भिंतीला आता हात लावायचा नाही. गयाक्का त्या दिवशी पुन्हा घराच्या मधोमध जाऊन बसली. नवरा गेला तेव्हासुद्धा तिचं तोंड एवढं उतरलेलं मी पाहिलं नव्हतं.

पुढं काय झालं, तर तिच्या हातून तेलाची बाटली कपाटावर कलंडली. जुनं सागवानी कपाट, पॉलिश केलेलं. तिनं फडकं फिरवलं, तेल निघून गेलं, डाग म्हणून नाही. ती त्या कपाटाकडं बघतच राहिली. मग गफूरला धरून आणलं.

"ह्येला काय चोपडलंय रं?"

"लाख हाय, अक्का. स्पिरिटमध्ये भिजवून लावतात. पण ती लाकडाला. भिंतीला कोण लावतं?"

"तू लावतूस."

"मिलिंदभाऊ ओरडतील."

"त्यो पुण्याला हाय. मी हितं हाय, आन् माझ्या हातात बत्ता हाय."

गफूरनं लाख लावली. वास असा सुटला की भिंतीअलीकडं माझं डोकं गरगरलं. तिची भिंत तपकिरी झालेली बघून अक्का किंचाळली, "आरं मुडद्या, डाग घालव म्हटलं तर गूळ फासलास सगळीकडं!" तो गूळ वाळल्यावर वर अस्तराचा पांढरा हात आला, मग हिरवा रंग. रोज सकाळी आम्ही दोघी चष्मे लावून भिंतीपुढं उभ्या. आठवडा गेला, महिना गेला. टाळकं काही उगवलं नाही.

मग एका दुपारी गयाक्कानं खोबरेल कोमट करून डोक्याला चोळलं, खिडकीजवळ सतरंजी अंथरली, पाय लांब सोडले आणि टेकली. डोळे मिटले.

"टेकल्यावर असं वाटतं व्हय गं!" म्हणाली. "आन् मेला एकटाच बसायचा."

"अक्का, डाग पडंल की गं पुन्हा."

"पडू दे. माझा पडू दे."

त्यानंतर दुपारचं ते ठाणं तिनं सोडलं नाही. कुणी आलं तरी उठायची नाही. "चहा? ओट्यावर हाय सगळं, करून घ्या आन् मला बी द्या," म्हणायची. गेल्या उन्हाळ्यात गेली, तीही तिथंच. जेवून टेकली होती, ती टेकलेलीच राहिली.

घर भाड्यानं द्यायचं म्हणून मिलिंद परवा आला, गफूरला घेऊन. मला हाक मारली. "काकू, बघा, आबा परत आले!"

मी बघितलं. खिडकीच्या चौकटीच्या बरंच खाली, ताटलीएवढा डाग.

"आबा एवढे बुटके होते का रे?" मी विचारलं.

मिलिंदनं चौकटीकडं बघितलं, मग खाली डागाकडं. मग हळूच गुडघ्यावर बसला आणि नाक जवळ नेलं. चमेली नव्हती, खोबरेल होतं. फ्रेमचं नाव त्यानं काही काढलं नाही.

गफूरनं लाखेचा डबा उघडला आणि माझ्याकडं बघून तसाच थांबला, कारण मी सतरंजी अंथरून तिथं टेकले होते.

"चाची, डोक्याला तेल लावलंय ना तुम्ही?"

"लावलंय की," मी म्हणाले. "चहा होऊ दे आधी. मग लाव तुझी लाख."