मोठ्या बाबांची लाईन

तारेशिवाय चालणाऱ्या वस्तूंवर आमच्या मोठ्या बाबांइतका अविश्वास अख्ख्या छत्तीसगडात कुणी दाखवला नसेल. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये जन्म काढून ते निवृत्त झाले आणि तिथेच जवळ मरोद्याला घर बांधून राहिले. पण अजूनही अंघोळीला जाताना ते मोठ्या आईला, म्हणजे माझ्या काकूला, रीतसर चार्ज देतात. दूध गॅसवर आहे, मोटर चालू आहे, टाकी अर्धी भरली. मोठ्या आईनं "बरं" म्हटल्याशिवाय ते टॉवेल उचलत नाहीत.

पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा मी लॅपटॉप घेऊन त्यांच्याकडे आले. त्यांची दोन्ही मुलं दूर, त्यामुळे माझ्या येण्याचा त्यांना कोण आनंद! पहिल्याच दिवशी मी चुकून म्हणाले की मागच्या खोलीत वायफाय नीट येत नाही. "हवेवर का भरोसा करतं पोरी? हवा उतई गावाकडे गेली त तुही मीटिंग का उतईवाले करतीन?" एवढं बोलून ते कामाला लागले. चार दिवसांत राउटरपासून माझ्या टेबलापर्यंत केबल आली, तीही लोखंडी पाइपातून, दर वितीला क्लॅम्प ठोकून आणि वरून पिवळा रंग मारून. शेजारच्या भाभींनी कुंपणावरून विचारलं, "भैया, गैस पाइपलाइन आ गई क्या?" मग दुसऱ्या कंपनीचं दुसरं कनेक्शन आलं, एक इन्व्हर्टर आला, आणि त्या इन्व्हर्टरला धीर द्यायला आणखी एक. "एक बंद पडलं त दुसरं. दुसरं बसलं त मी हावो," ते म्हणाले. या सगळ्याचं एक रजिस्टर होतं. त्यात मी वाचलेली एक नोंद अशी: '८.०० लाईन नॉर्मल. ९.१० पाइपवरून मांजर गेली. लाईन नॉर्मल.'

मात्र खरी दहशत होती ती लाल कार्डाची. दुरुस्तीला हात घालण्याआधी ते इन्व्हर्टरसकट मेन स्विच बंद करून त्यावर कार्ड लटकवायचे: 'माणूस कामावर आहे. चालू करू नये.' खाली सही. ज्यानं कार्ड लावलं त्यानंच काढायचं, हा प्लांटचा कायदा. माझ्या साहेबांनी एकदा सकाळी अकराची मीटिंग ठेवली. मला कायमचं भिलाईहून काम करू द्यायचं की पुण्याला बोलवायचं, याचा फैसला त्यात होणार होता. एवढी मोठी मीटिंग, म्हणून मोठ्या बाबांनी नऊलाच कार्ड लावून राउटरची धूळ झटकायला घेतली. तेवढ्यात उतईहून फोन आला की त्यांच्या चुलत पुतण्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, पाहुणे येऊन बसलेत आणि घरातलं मोठं माणूस कुणीच नाही. ते तसेच स्कूटरवर निघून गेले.

साडेदहाला मी पाहते तर सगळं बंद, आणि स्विचसमोर मोठी आई लाटणं घेऊन उभी. "कार्डाले हात लावशीन त पाहजो! चाळीस वर्सं मी या कार्डाच्या भरोशावर कुकू लावलं." तिच्याशी वाद घालण्याची माझी काय प्राज्ञा! मोबाईलला धड रेंज फक्त गच्चीवर. तिथे वाळत घातलेल्या मुगवड्यांमध्ये एका पायावर उभं राहून मी फोन लावला. "येऊन राहिलो," ते म्हणाले, "स्विच नोको दाबू!"

अकराला पाच मिनिटं असताना ते आले, डोक्यावर साक्षगंधाची टोपी, खांद्यावर दुपट्टा, तोंडात अर्धा लाडू. माझा जीव टांगणीला लागलेला, आणि हे आधी रजिस्टरमध्ये वेळ लिहून सही करायला बसले. मग कार्ड काढलं, मग स्विच. मीटिंगभर ते दाराबाहेर स्टुलावर बसून होते, पाइपावर हात ठेवून, पेशंटची नाडी धरावी तसे. साहेबांनी होकार दिला. मी बाहेर येईस्तोवर नोंद झालेली होती: '११.४० पोरगी राहते. लाईन नॉर्मल.'

दोन वर्षं ती लाईन एकदाही बसली नाही. मग कंपनीनंच सगळ्यांना परत बोलावलं. मी मोठ्या बाबांना साहेबांचं पत्र वाचून दाखवलं, मराठीत समजावून सांगितलं. दुर्ग स्टेशनवर त्यांनी माझी बॅग सीटखाली सरकवली, साखळीनं बांधली, साखळी दोनदा ओढून पाहिली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.

"एक इचारू? खरं सांगजो. लाईनमंदी कुठं कमी पडली?"

"कुठंच नाही हो, मोठे बाबा."

"मंग कावून जाऊन राहिली?"

मला रडूच आलं. पत्रातली सगळी कारणं मला पाठ होती. गाडी हलली, आणि ते उत्तराची वाट बघत खिडकीबरोबर चार पावलं चालत आले.