फळ्यावर लिहिलेलं पाणी

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. अनसूयेला नाही, पोराला नाही, देवळात बसून देवाला बी नाही. अनसूया म्हणजे माझी बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. ती होती तोवर वाटायचं, सांगू कधी तरी, घाई काय आहे? आता ज्या कानाला सांगायचं तो कानच राहिला नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. तुम्ही कोण, कुठले, मला माहीत नाही. तेच बरं आहे.

चौथी शिकलेला माणूस मी. ओळ वर-खाली जाते. जसं येईल तसं लिहितो. समजून घ्या — नाही, समजून घ्या असं बी म्हणत नाही. नुसतं वाचा.

आमचं गाव बोरी अरबच्या बाजाराला पायी जाता येईल इतकं जवळ. कापूस, तूर, सोयाबीन. नदी आहे, पण आमची नदी पावसाळ्यात पुलावरून जाते आणि होळी झाली की वाळू होते. मग बाया वाळूत खड्डा खणतात. हात-दोन हात खाली गेलं की पाणी पाझरतं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. त्यातून करवंटीनं पाणी काढायचं, गुंड, म्हणजे पाण्याची घागर, भरायचा, डोक्यावर घेऊन चढ चढायचा. गावात नळ आहे, पण उन्हाळ्यात त्यातून हवाच जास्त येते.

अनसूया आणि सुभद्राबाई, दोघी मिळून एक झिरा खणायच्या. सुभद्राबाई बुद्धविहाराकडच्या वस्तीतली, अनसूया आमच्या आळीतली. दोघी एकाच साली लग्न होऊन गावात आल्या. दोन वस्त्यांच्या बायांनी एकाच झिऱ्यातून पाणी भरणं — तेव्हा आमच्या गावात ही सोपी गोष्ट नव्हती. माझ्या आईनं त्यापायी अनसूयेला उपाशी झोपवलं होतं. तिनं ऐकलं नाही. पुढं आई गेली, बोलणारी तोंडं म्हातारी झाली, आणि त्या दोघींचा झिरा तसाच एक राहिला. दर उन्हाळ्यात.

किती फिरून फिरून सांगतो आहे, पाहा. मुद्द्यावर यायला जीव होत नाही.

काही वर्षांमागं बोलणं उठलं की आपल्या भागात अणुवीज केंद्र येणार. लहान, नव्या पद्धतीचं. जागा पाहायला माणसं येणार. खरं किती, खोटं किती, कोणाला माहीत? पण जमिनीचे दलाल मोटारसायकलवर फिरायला लागले, आणि पानठेल्यावर ज्याला त्याला वीज कशी बनते ते समजायला लागलं.

सरपंचानं शाळेत सभा घेतली. शाळेचे मास्तर आर्णीकडचे, तरुण, सरळ माणूस. त्यांनी फळ्यावर मधोमध रेघ ओढली. इकडं फायदा, तिकडं तोटा. म्हणाले, "मी कोनाच्याच बाजूचा नाही. मी मांडून दाखवतो, तोलाचं तुमी."

फायद्याकडं त्यांनी लिहिलं — धूर नाही, राख नाही. वणीकडं कोळशापायी घरादारावर काय बसतं ते आम्ही पाहिलेलं आहे. कोळशाच्या गाड्यांवर गाड्या रोज लागतात, इथं जळण थोडंसं. सूर्य असो की नसो, वारा असो की नसो, ही वीज चालू. एकदा उभी राहिली की पिढ्यांना पुरते. रस्ता होईल, जमिनीला भाव येईल, पोरांना काम मिळेल.

तोट्याकडं — उभं करायलाच डोंगराएवढा पैसा. वर्षांवर वर्षं बांधकाम, एक दिवा लागायच्या आधीच व्याज सुरू. उशीर झाला की वीज महाग, आणि तो वाढीव भार कोणाच्या बिलात? वापरलेलं जळण फेकता येत नाही, त्याची राखण नातवाच्या नातवापर्यंत, तिचा खर्च कोण धरतो? मोठ्या पगाराच्या नोकऱ्या शिकलेल्यांना. आमच्या पोरांना गेटवरची.

मला हे संत्र्याच्या बागेवरून समजलं. बागेत बी तसंच असते. आधी वर्षानुवर्षं नुसतं घालत राहा, फळ नाही. मग धरली तर माणूस बसून खाते. पण केव्हा? पाणी टिकलं तर. हे मला समजत होतं बरं का. समजत नव्हतं असं नाही.

अनसूया उठून उभी राहिली. बायांमधून ती एकटीच.

"मास्तर, पानी कोन्या बाजूले लिवलं?"

मास्तर फळ्याकडं पाहायला लागले.

"मशीन थंडी कराले पानी लागते म्हनता ना तुमी. ते कोठून आननार?"

सरपंच म्हणाला, "नदी हाये ना, काकू."

"हाये ना. आखाडात ये, दाखवतो तुले."

लोक हसले. मागून सुभद्राबाई बोलली, "अन् वैशाखात आला त आमच्या झिऱ्यावर बसवतो सायबाले. म्हनतो, एक गुंड भरून दाखव बापा, मंग बांध तुले काय बांधाचं ते."

आणखी हसले. मास्तरांनी तोट्याच्या बाजूला सगळ्यात खाली लिहिलं — पाणी. आणि ठरलं की माणसं आली की या दोघी त्यांना झिऱ्यावर नेणार.

सगळे हसत होते. मी हसलो नाही.

काहून हसलो नाही? लोकांना मी सांगायचो की पोरासाठी मला ते केंद्र पाहिजे. पोरगा पुण्याकडं कंपनीत आहे, भाड्याच्या खोलीत राहतो, दिवाळीला येतो. इथं काम निघालं तर घरी येईल. हे खरं होतं. पण एवढंच नव्हतं. माझं वावर रस्त्याला लागून आहे, आणि दलाल जो भाव बोलला होता तो ऐकल्यापासून माझं जेवणात लक्ष नव्हतं. आणि सरपंचानं मला आपल्याजवळ खुर्ची दिली होती. म्हणाला होता, सायब लोक आले की तुमीच बोला काका, तुमी जुने जाणते. जन्मात मला कोणी सभेत खुर्ची दिली नव्हती. त्या खुर्चीवर मी बसलो होतो, आणि माझीच बायको उभी राहून सगळ्या सभेला हसवत होती.

पोराची माया किती, पैशाचा लोभ किती, खुर्ची किती — मला आजही वेगळं करून सांगता येत नाही.

माणसं येणार त्याच्या आदल्या दिवशी गावात लग्न होतं. सगळे मांडवात. दुपारी मी अनसूयेला म्हटलं, बैलांना पाणी दाखवून येतो. फावडं घेतलं आणि नदीत गेलो.

झिऱ्यावर पळसाच्या फांद्या टाकलेल्या होत्या, कुत्रं पडू नये म्हणून. बाजूच्या दगडावर दोन करवंट्या उपड्या. पाणी नितळ, तळाची वाळू दिसत होती. मी फांद्या ओढल्या आणि झिरा बुजवला.

त्याची ओल वर यायला लागली. मी कोरडी वाळू टाकली. पुन्हा ओल आली, पुन्हा टाकली. करवंट्या झुडपात फेकल्या. वरच्या अंगाला एक डोह आहे, हिरवं पाणी, गुरं पितात. तो दाखवायचा आणि नदी बारमाही आहे म्हणायचं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. झिराच नाही तर बाया काय दाखवणार? एवढी माझी अक्कल.

एवढ्यावर थांबलो असतो तरी माणूस म्हणून थोडा उरलो असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनसूया रिकामा गुंड घेऊन परत आली. फावडं भिंतीला टेकलेलं होतं, पात्याला नदीची वाळू तशीच. मी ते पुसलं बी नव्हतं. ती म्हणाली, "झिरा बुजवला वो कोनं तरी." आणि तिची नजर आता फावड्यावर जाईल असं मला वाटलं.

मी म्हणालो, "सुभद्राले पायलं काल, फावडं घेऊन नदीकडं जातानी."

सुभद्राबाई लग्नाला आली नव्हती. नातवाला ताप होता. ते मला माहीत होतं, म्हणूनच ते नाव तोंडावर आलं.

"सुभद्रा? तिले काय पडलं हाये झिरा बुजवाचं?"

"तिच्या पोराले गेटवरची नोकरी देतो म्हनलं कोनी तरी. फिरली असन."

पाहा — लोभ माझा, पोरगा माझा, फावडं माझं. सगळं उचलून त्या बाईच्या अंगावर टाकलं. तेही किती लवकर सुचलं.

अनसूयेनं गुंड खाली ठेवला आणि त्याच्याजवळ बसून राहिली. माझ्याशी ती रोज भांडायची, पण ज्याच्यावर जीव होता त्याच्याशी तिला भांडता येत नव्हतं.

त्या दिवशी माणसं आली. शाळेच्या व्हरांड्यात बसली, चहा प्याली, रस्ता किती रुंद आहे ते विचारलं, विजेचे टॉवर कुठून जातात ते विचारलं. सुभद्राबाई साहेबांना झिऱ्याचं पाणी पाजायला हातात गिलास घेऊन फाटकाशी उभी होती. अनसूयेची वाट पाहत होती. अनसूया आली नाही, तर ती बी एकटी पुढं झाली नाही. मी एका साहेबाला नदीचं सांगायला गेलो, तर तो म्हणाला, पाण्याचा अभ्यास वेगळा होईल, आत्ता नाही. नदीकडं कोणी गेलंच नाही. डोह बी नाही, झिरा बी नाही. गाडीत बसले आणि गेले.

मग काही झालं नाही. अजूनही निवडणूक आली की ते बोलणं उठतं आणि बसतं. आलं असतं तर बरं झालं असतं की वाईट? मी सांगू शकत नाही. मास्तरांनाही सांगता आलं नाही, आणि ते शिकलेले. कोळसा बी वाईट, अंधार बी वाईट. तो तोल मोठ्या माणसांचा आहे. मी एवढंच सांगतो की गाव तोलायला बसलं होतं तेव्हा मी एका पारड्यातलं चोरून काढलं. आणि ते काढताना हात दुसऱ्याचे दाखवले.

पुढच्या उन्हाळ्यात नदीत दोन झिरे दिसले. एक अनसूयेचा, एक सुभद्राबाईचा, हाक जाईल इतक्या अंतरावर. दोन म्हाताऱ्या, पाठ करून बसलेल्या. एका झिऱ्यात जेवढं पाणी पाझरायचं तेवढंच दोन्हींत वाटून यायचं, म्हणून दोघींना दुप्पट वेळ. आमच्या आळीतल्या बाया म्हणाल्या, पाहा, त्या वस्तीचं शेवटी असंच, आम्ही म्हणतच होतो. मी ऐकलं. काय झालं ते अनसूयेनं कोणाला सांगितलं नव्हतं, तरी दोष त्या वस्तीचाच हे लोकांना इतकं लवकर काहून पटलं हे मला समजत होतं. जेव्हा सुभद्राबाईचं नाव घेतलं तेव्हाही समजत होतं. म्हणून तर घेतलं.

एकदा सुभद्राबाई आमच्या अंगणात आली. आत नाही, अंगणातच उभी राहिली.

"अनसू, काहून बोलत नाही वं?"

"तुले माहीत हाये."

"मले नाही माहीत, माय."

"मंग राहू दे."

मी बाजेवर बसून दोरी वळत होतो. दोन वाक्यांचं काम होतं. मी दोरी वळत राहिलो.

आता खरं ते. एवढं सगळं लिहिलं ते याला पुढं ढकलण्यासाठीच लिहिलं.

अनसूया पडली ती उठली नाही. यवतमाळला नेलं, परत आणलं. शेवटच्या दिवसांत तिचा राग कुठं गेला होता कोणाला माहीत. डोळे मिटून पडलेली असायची आणि मध्येच म्हणायची, "सुभद्रा आली काय?" मी म्हणायचो, नाही. पुन्हा म्हणायची, "बलावता काय तिले?" मी म्हणायचो, बलावतो.

नाही बोलावलं. चार गल्ल्या ओलांडल्या की घर. कोणालाही पाठवलं असतं तर ती बाई धावत आली असती. पण त्या दोघी समोरासमोर आल्या असत्या, एकीनं विचारलं असतं, दुसरीनं सांगितलं असतं, आणि अनसूयेनं माझ्याकडं पाहिलं असतं. त्या नजरेला मी भ्यालो. मरणाऱ्या बायकोच्या नजरेला भ्यालो, म्हणून तिला वाट पाहत मरू दिलं. शेवटी तिला वाटलं असेल की सुभद्राच आली नाही.

सुभद्राबाई मातीला आली. लांब उभी होती. नंतर आठ-पंधरा दिवसांत ती माझ्यासाठी भाकर घेऊन यायला लागली. एकटा माणूस काय करून खाईल म्हणते. अजून आणते.

परवा ताट ठेवून ती उंबऱ्याशी बसली. म्हणाली, "भाऊ, एक इचारू काय? अनसू माह्यावर काहून रुसली होती? मी लय आठवून पायलं. मले माहं काही सापडत नाही."

मी ताट जवळ ओढलं.

ती मग गुडघ्यावर हात देऊन उठली. "असन माहंच काही चुकलं," म्हणाली, आणि गेली.

तुझं काही चुकलं नाही, एवढं बी मी म्हणालो नाही. भाकर गरम होती. सगळी खाल्ली.