श्रीपतच्या पायातल्या नळ्या

आषाढात हिवतापानं धरलं तेव्हा कापडे गावचा श्रीपत गोधड्यांखाली असा हुडहुडला की खाट चालत उंबऱ्यापाशी गेली. असं त्याची बायको सुंदराबाई सांगते, आणि ती फार वाढवून सांगत नाही. गोळ्या खाल्ल्या, ताप उतरला. पण उभा राहिला की अख्खं गाव गरगरायचं. गोठ्यापर्यंत जाऊन आला तरी धाप.

आता श्रीपत म्हणजे बाल्या नाचातला पुढचा गडी. मिसरूड फुटल्यापासून गौरीला उजव्या पायात घुंगरांचा चाळ बांधून रिंगण ओढायचं ते त्यानंच. सुंदराबाईनं स्थळ म्हणून त्याचा पाय बघितला होता, तोंड नंतर. आणि यंदा मागचा गडी भिकाजी येऊन चाळ स्वतःच्या पायाला लावून बघून गेला.

"नुसता माप घेतला रं," म्हणाला.

श्रीपत चिडून एसटीनं महाडला गेला. डॉक्टर प्रियदर्शिनीबाईंनी रक्त तपासलं.

"काका, जंतू मेले. पण त्यांनी रक्तातल्या तांबड्या पेशी फोडल्यात. नव्या पेशी हाडातल्या मगजात तयार होतात, आणि या तापात तो मगजही ढिला पडतो. त्याला पुन्हा जोर धरायला..."

"मगज? नळीत असतो तो?"

"तोच. पण..."

पण ऐकायला श्रीपत थांबलाच नाही.

गटारीला आळीनं बोकड कापला. सागाच्या पानांवर वाटे पडले. नळीवरून दरवर्षी भांडण ठरलेलं. एवढ्यात शाल पांघरलेला श्रीपत मध्ये जाऊन बसला.

"माजा मगज निजलाय. मगजाला मगजच उठवील. यंदा समद्या नळ्या मला."

जमीन मागितल्यासारखे सगळ्यांनी आपापले वाटे जवळ ओढले.

"रिंगण पायजे का नळी, ठरवा!" सुंदराबाई कडाडली.

शेजारच्या गोदूबाईनं पहिली नळी टाकली. मग एकेक करत सगळ्यांनी. शेवटी भिकाजीनं, जीव काढून दिल्यासारखी.

"घे. पर नाचला नायस तर चाळ माजा!"

त्या दिवशी श्रीपतच्या घरून ताटावर नळ्या आपटल्याचा आणि चोखल्याचा आवाज आळीभर ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मिशीला पीळ देत अंगणात उभा राहिला. गाव गरगरलं. श्रीपत कोंबड्यांच्या डालग्यावर बसला, आणि डालगं बसलं त्याच्याखाली.

"उठला का गो मगज?" गोदूबाईनं कुडावरून विचारलं.

"कोंबड्या उठल्या!" सुंदराबाई म्हणाली.

मग श्रावण लागला. नळीचं नाव काढायची सोय नाही. भाकरी, भाजी आणि भिकाजीचे टोमणे. असाच एकदा तो वरच्या शेतावर गेला, बांधावर टेकला, आणि त्याच्या ध्यानात आलं, धाप लागलीच नाही.

पुन्हा महाड. पुन्हा सुई.

"वा काका! कोवळ्या पेशींची नुसती रांग लागलीय. मगज जोरात कामाला लागला, रक्त भरून आलं."

"नळ्या लागू पडल्या म्हना!"

डॉक्टरबाई हसल्या. "नळी पोटात जाते आणि तिथंच जिरते. तिचा मगज तुमच्या हाडात जाऊन बसत नाही. हा तुमच्याच मगजानं केलेला कारभार. नाचा, पण दम लागला की बसायचं."

परतीच्या वाटेवर श्रीपत विचारात पडला. हे आळीत सांगितलं तर त्या नळ्यांसाठी लोक त्याला सोलून काढतील. तो गप्प राहिला.

गौरीला मृदुंगावर थाप पडली. चाळ श्रीपतच्या पायात. रिंगण फिरलं, धूळ उडाली, श्रीपत असा गिरकला की पोरं ओरडली. तेवढ्यात मागून भिकाजी नाचता नाचता बोंबलला,

"श्रीपत, चाळाचा पाय माज्या नळीचा हाय! जपून आपट!"

"आन डावा माजा!" ओट्यावरून गोदूबाई.

"ढोपर आमचा!"

"टाच आमची रं!"

त्याच्या पायांचे आळीभर वाटे पडले. श्रीपतला हसू आवरेना. हसता हसता दम लागला, गाव पुन्हा गरगरायला लागलं.

"देतो रं, पुढल्या गटारीला समद्यांच्या नळ्या परत देतो!"

"आदी पाय उचला!" सुंदराबाई ओरडली. "मागं भिकाजी टपलाय!"

श्रीपतनं पाय उचलला. कोणाचा ते नाचून झाल्यावर बघू.