सांध्यातले सव्वातीनशे वॅट

विजयमाला लग्न होऊन पणदऱ्याला आली, त्याआधी ती बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्सच्या प्रयोगशाळेत कामाला होती. लग्नानंतर नोकरी सुटली आणि दोन वेळच्या धारा पदरात आल्या. सासरे सावळारामआबा पाहुण्यांना "आमची सून बीएस्सी हाय" असं आवर्जून सांगत. तिच्या शिक्षणाचा घराला उपयोग एवढाच.

गोठा घरापासून बराच लांब होता. तिथवर वीज नेली होती तिच्या धाकट्या दिरानं, अविराजनं. वायर अर्ध्यात कमी पडली तेव्हा त्यानं दुसरी जोडून वर टेप गुंडाळली. तो सांधा वैरणीच्या माळ्यावर, कडब्याच्या आड गेला. कडबा कापायची कुट्टी सुरू झाली की गोठ्यातले दिवे पिवळे पडायचे आणि मोटार रडत फिरायची. लोडशेडिंगचा परिणाम असंल, असं घरातले म्हणायचे.

विजयमालानं एकदा नवऱ्याला, दिग्विजयला, बरोबर घेतलं आणि नोकरीत असताना घेतलेला मीटर बाहेर काढला. कुट्टी चालू ठेवून घरच्या बोर्डावर मोजलं तर दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, गोठ्यात मोजलं तर एकशे अठ्ठ्याऐंशी. चाळीस व्होल्ट वाटेतच गळत होते. वायरीतून करंट जात होता बारा अँपिअर. चाळीसला बारानं भागलं की लाइनीचा रेझिस्टन्स निघतो, तो आला सव्वातीन ओहमच्या आसपास. एवढ्या लांबीच्या वायरीचा तो एकच ओहम भरायला हवा होता. म्हणजे उरलेले सव्वादोन ओहम त्या एका सांध्यात होते. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, त्याला सव्वादोननं गुणलं की सव्वातीनशेच्या आसपास वॅट. दिग्विजयनं स्वतः मोबाईलवर गुणाकार करून पाहिला आणि मान हलवली.

संध्याकाळी जेवताना तिनं आबांपुढं विषय काढला.

"आबा, शंभराचे तीन बल्ब त्या सांध्यात रोज पेटतायत असं समजा. आणि वर वाळला कडबा आहे. कधीतरी आग लागेल."

अविराजचा घास हातातच राहिला. आपल्या कामात खोट वहिनीनं काढावी आणि तीही आबांसमोर, हे त्याला सोसलं नाही. तो म्हणाला की इतकी वर्षं लाइन चालती, कुणाला काही झालं न्हाय. सासूबाई कौसल्याबाईंनी ताट सरकवत सांगितलं, की भरल्या घरात असलं बोलू नये. आबांनी दिग्विजयकडं पाहिलं. दिग्विजय म्हणाला, "बघू दिवाळीनंतर."

दिवाळी झाली. कुणी काही बघितलं नाही. विजयमालानं पुन्हा दोनदा आठवण करून दिली, तेव्हा आबांनी तिला गोठ्यातल्या बोर्डाला हात लावायला बंदी घातली.

उन्हाळ्यात घरची माणसं लासुर्ण्याला लग्नाला गेली होती. घरी विजयमाला आणि तिची लेक श्रेया. दुपारी गड्यानं कुट्टी लावली आणि थोड्या वेळानं तो ओरडतच घराकडं पळत आला. माळ्यानं पेट घेतला होता. विजयमालानं आधी मेन स्विच पाडला, मग विळा घेऊन गोठ्यात शिरली आणि एकेका गाईचं दावं कापत सुटली. धुरानं डोळे उघडत नव्हते. शेवटच्या दाव्याशी गाभण गाय होती. तिथवर ती पोचायच्या आत माळा खाली आला. गड्यानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. तिच्या दोन्ही हातांची कातडी भाजून सोलवटली होती.

दुसऱ्या दिवशी भेटायला माणसं आली. वायरमननं जळालेल्या तारा बघितल्या, सांध्याशी थांबला, आबांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "शॉर्ट सर्किट." तो शब्द सगळ्यांना सोयीचा होता. त्यात कुणाचंच नाव येत नव्हतं.

पण कौसल्याबाईंना नाव हवं होतं. पदर डोळ्याला लावून त्या बायकांना सांगू लागल्या, "हिनंच म्हटलं हुतं आग लागंल म्हणून. हिच्याच तोंडातनं आलं. गाभण गाय गेली माझी." अविराजनं भर घातली, की वहिनींनी मीटर लावताना काहीतरी सैल केलं असणार.

विजयमाला हात पट्ट्यांत गुंडाळून दाराशी बसली होती. तिनं दिग्विजयकडं पाहिलं. तो बायकांना चहा हवा का ते विचारायला आत गेला.

माणसं पांगल्यावर तिनं त्याला गाठलं.

"तुम्ही तर स्वतः आकडे बघितले होते."

"बघितले हुते," तो म्हणाला. "आता ते बोलून काय गाय माघारी येणार हाय?"



नवा गोठा उभा राहिला. इंदापूरहून माणूस बोलावून जाड वायर टाकली, मध्ये एकही सांधा नाही. ही अविराजची हुशारी, असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. गोठ्याच्या पूजेला कौसल्याबाईंनी विजयमालाला घरातच थांबायला सांगितलं.

हात बरे झाले, पण बोटं पूर्ण मिटत नाहीत. धार आता दुसऱ्या कुणाला तरी काढावी लागते आणि त्याचंही तिला ऐकावं लागतं.

या हिवाळ्यात अविराजनं माजघरापलीकडच्या न्हाणीत गिझर बसवला. परवा ती तिथून जाताना तिला जळक्या प्लास्टिकचा वास आला. प्लगाची एक बाजू तपकिरी पडली होती. ती क्षणभर उभी राहिली. मग माजघरात येऊन तिनं आपलं आणि श्रेयाचं अंथरूण उचललं आणि पुढच्या खोलीत, उघड्या दाराजवळ नेऊन टाकलं. कौसल्याबाईंनी विचारलं, इकडं का? ती म्हणाली, "इकडं वारं लागतं."