पाद्रीणबाईंची जागा

दफनभूमीच्या फाटकाशी राहणाऱ्या जर्मन पाद्रीणबाईंनी मला जागा दिली, हे आधी सांगते. बाकीचं मग.

नॉटिंगहॅमला होजिअरीच्या फॅक्टरीत मी शिलाई करायचे. सातवीत शाळा सुटलेली, इंग्रजी कामापुरतं. ऐंशीच्या दशकात आमचे हे गेले, कामावरच, हार्ट अटॅकने. इथल्या मराठी मंडळातल्या डॉक्टरांनी धावपळ करून क्रेमॅटोरियमचं बुकिंगही करून टाकलं. चांगल्या मनानेच केलं. पण आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. माणसाला बसवून, तळहातावर त्याचं गळ्यातलं इष्टलिंग ठेवून मातीत देतात. हे मी चाचरत सांगितलं, तर डॉक्टरांच्या सौ. म्हणाल्या, "अहो वहिनी, पुरायला आपण काय ख्रिश्चन आहोत?"

डॉक्टरांनी बिचाऱ्यांनी बुकिंग रद्द केलं. पण न्यायचं कुठे? फॅक्टरीच्या वाटेवर एक जुनी दफनभूमी होती. मी तिथेच गेले, दुसरी मला माहीतच नव्हती.

पाद्रीणबाईंनी चहा दिला. लेसच्या धंद्यासाठी आलेल्या लुथरन पंथाच्या जर्मनांनी वर्गणी काढून ती जमीन घेतली होती, इथे एकटे मरणाऱ्या आपल्या गरीब कामगारांसाठी. पुढे बेवारस माणसंही येऊ लागली. त्यांचा धर्म विचारणार कोणाला? म्हणून विचारणंच सोडलं, आणि फाटक सगळ्यांना उघडं झालं. पण आता जागा भरल्या होत्या. उरली होती एकच, पाद्रीसाहेबांच्या कबरीशेजारची. बाईंची स्वतःची.

"मी थांबू शकते," त्या म्हणाल्या. "तुमच्या नवऱ्याला थांबता येणार नाही. आणि माझा नवरा फार बोलतो, त्याला नवा श्रोता मिळेल."

त्या दिवसांत मी हसले ती तेवढीच.

बसवायची परवानगी काही मिळाली नाही. त्यासाठी बाई चार ठिकाणी भांडल्या. हे पेटीत आडवेच गेले, आजारी माणसासारखे, तळहातावर लिंग घेऊन. ते अजून डोळ्यांपुढून हलत नाही.

नव्वदच्या दशकात दफनभूमीच्या ट्रस्टमधले म्हातारे एकेक करून गेले. दफनभूमी कौन्सिलकडे आली, नव्या कबरी बंद झाल्या. पाद्रीणबाई आता केअर होममध्ये आहेत. रविवारी मी जाते. मला त्या ओळखत नाहीत. मला नवऱ्याशेजारी ठेवाल ना, एवढंच नर्सना विचारत राहतात. नर्स हो म्हणतात. त्यांना काय माहीत.

इकडे एकावर एक दोघांसाठी खोल खणतात; पाद्रीसाहेबांची जुनी कबर तेवढी एकाचीच. ह्यांच्या वरची जागा माझ्या नावाची आहे. ती दुसऱ्या कोणाला देता येते का, म्हणून कौन्सिलमध्ये भीतभीत विचारून आले. येते म्हणाल्या तिथल्या बाई. मग तुमचं काय, असं त्यांनीच विचारलं. इथे दुसरी जागा घ्यायला पैसे नाहीत, गावी नेणारं माझं कोणी उरलेलं नाही. म्हणजे क्रेमॅटोरियमच.

पाद्रीणबाई, वेळ येईल तेव्हा तुमची जागा तुम्हाला परत देईन. खाली आमचे हे असतील, तेवढं चालवून घ्या.